दोष दाराचा, दैवाचा नव्हे

नव्या घराची खिडकी पहिल्याच पावसात गळते, न्हाणीघराचं दार फुगून बसतं आणि आपण म्हणतो, 'चालायचंच!' आयुष्याची पुंजी ओतून घेतलेल्या घराच्या बाबतीत तरी हे 'चालायचंच' चालवून घेऊ नये. कायद्याने आपल्या हाती बरंच काही दिलं आहे. पण ते मिळतं ते वेळेत लिहिणाऱ्यालाच.

जुलै महिन्यातली ओलीगच्च सकाळ होती. हे ऑफिसला गेले होते, लेक कॉलेजात. सासूबाई अंघोळीला गेल्या आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अगं, दार उघडत नाहीये."

मला वाटलं, कडी घट्ट बसली असेल. हात धुऊन गेले, बाहेरून दार ढकललं, खांदा लावला. दार तसूभर हलेना. कडी त्यांनी केव्हाच काढली होती. दारच पावसाने फुगून चौकटीत रुतून बसलं होतं. आत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, पायाखाली ओली फरशी. "आई, तुम्ही स्टुलावर बसून राहा, दार ओढू नका," मी ओरडून सांगत होते. पहिली काही मिनिटं त्या धीराने उत्तरं देत होत्या. मग उत्तरं तुटक झाली. मग नुसतं "हं" ऐकू येऊ लागलं. शेवटी वॉचमन आणि समोरच्या ब्लॉकमधला मुलगा अशा दोघांनी मिळून पहारीने दार मोकळं केलं, तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. सासूबाई बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, देवघरासमोर जाऊन बसल्या.

त्याच संध्याकाळी सुतारमामांना बोलावलं. त्यांनी दार उतरवलं, खालून आणि बाजूने रंधा मारला, पुन्हा चढवलं आणि सहाशे रुपये घेतले. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. आपण नेमकी काय चूक केली, हे कळायला आणखी दोन महिने जायचे होते.

या घराचा ताबा आम्हाला २०२१ च्या दसऱ्याला मिळाला होता. म्हणजे दार फुगलं तेव्हा घर वर्षाचंही झालेलं नव्हतं. दाराच्या जोडीला खिडक्या होत्याच. हॉलची पश्चिमेकडची सरकती खिडकी वारं तिरकं फिरलं की गळायची. खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचायचं आणि काठोकाठ भरलं की आत, थेट दिवाणावर. आम्ही टॉवेलांच्या वळकट्या करून लावायचो, जुनी वर्तमानपत्रं कोंबायचो. एका रात्री दिवाणाच्या खणात पाणी उतरलं आणि आमच्या लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटली ती कायमचीच.

बिल्डरच्या ऑफिसात फोन केला की उत्तर ठरलेलं असायचं. "पावसाळ्यात लाकूड फुगणारच, मॅडम. उन्हाळ्यात आपोआप नीट होईल." खिडकीचं विचारलं तर, "यंदा वाराच फार आहे ना!" एकदा साइटवरचा माणूस येऊन खिडकीच्या कडेला सिलिकॉनचा पट्टा मारून गेला. पुढच्या पावसात पाणी पट्ट्याच्या बाजूने आलं.

आमच्या इमारतीत छत्तीस ब्लॉक आहेत. गणपतीच्या दिवसांत सगळे एकत्र जमलो, तेव्हा गप्पांत कळलं की, निम्म्याअधिक घरांत हीच कथा होती. प्रत्येक जण आपापला सुतार बोलावत होता, आपापलं सिलिकॉन भरत होता आणि आपल्याच नशिबाला बोल लावत होता. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी शांतपणे विचारलं, "वहिनी, बिल्डरला फोन किती केलेत?"

"वीसएक तरी केले असतील."

"आणि कागद किती पाठवलेत?"

मी गप्प बसले.

"मग तुमची तक्रार झालेलीच नाही," अण्णा म्हणाले. "तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात!"

कायदा काय म्हणतो?

त्या दिवसापासून मी या विषयाची कागदपत्रं वाचत गेले. जाणकार वकिलांना विचारत गेले. तेव्हा लक्षात आलं की, आपण समजतो तितके आपण निराधार नाही.

महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्यांसाठी पहिला मोठा कायदा आला तो १९६३ साली. त्याचं नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला 'मोफा' म्हणतात. इमारतीत किंवा वापरलेल्या मालात दोष असेल आणि तो ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर शक्य असेल तिथे त्याने तो विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा, नाही तर वाजवी भरपाई द्यायची, अशी तरतूद त्या कायद्यात आहे.

दुसरा टप्पा ग्राहक कायद्याचा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या शब्दात घरबांधणी येते की नाही, यावर बराच खल झाला. १९९३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या गाजलेल्या खटल्यात निर्णय दिला की, घर बांधून देणं ही सेवाच आहे, आणि ती देणारी संस्था सरकारी असली तरी तिला जबाबदारी टाळता येणार नाही. म्हणजे खाजगी बिल्डर असो की गृहनिर्माण मंडळ, दार वाकडं दिलं तर जाब द्यावाच लागणार. आज १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. घरबांधणी त्यातही सेवेच्या व्याख्येत आहेच.

तिसरा आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे २०१६ चा रेरा कायदा. महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरणाचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. या कायद्याच्या कलम १४ मधलं तिसरं पोटकलम प्रत्येक नव्या घरमालकाने लक्षात ठेवावं. इमारतीच्या सांगाड्यातला दोष, कारागिरीतला दोष, दर्जातला दोष, सेवांमधला दोष किंवा करारात कबूल केलेल्या गोष्टींतली कसूर, यांपैकी काहीही ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या नजरेस आणलं, तर त्याने जादा पैसे न घेता तीस दिवसांत ते दुरुस्त करून द्यायचं. नाही दिलं, तर घर घेणाऱ्याला योग्य ती नुकसानभरपाई मागता येते.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे, बिल्डर पुष्कळदा सांगतात, "ती पाच वर्षं फक्त कॉलम-बीमसाठी असतात, दारं-खिडक्या त्यात येत नाहीत." हे खरं नाही. कलमात सांगाड्यातल्या दोषाबरोबर कारागिरी आणि दर्जा हेही शब्द आहेत. खिडकी चुकीची बसवली तर तो कारागिरीचा दोष. दाराचा माल हलका निघाला तर तो दर्जाचा दोष. दुसरी गोष्ट, कायद्याच्या दृष्टीने 'घर घेणारा' म्हणजे बिल्डरकडून पहिल्यांदा घेणाराच असं नाही. त्याच्याकडून पुढे विकत घेणाराही त्यात येतो. त्यामुळे दोन-तीन वर्षं वापरलेला ब्लॉक घेतला असेल, तर उरलेल्या मुदतीत तक्रार करण्याचा हक्क तुमच्याकडे येतो. भाडेकरूला मात्र तो हक्क नाही. त्याने घरमालकामार्फतच जायला हवं.

काही करारनाम्यांत ही जबाबदारी कमी करणारी वाक्यं असतात. 'दारं-खिडक्यांची हमी एक वर्षाची' असं काही तरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. अशा वाक्याने घाबरून जाऊ नये. कायद्याने दिलेला हक्क करारातल्या एका ओळीने पुसला जात नाही. महारेरानेही २०२२ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं की, आदर्श करारातलं दोष-दायित्वाचं कलम बिल्डरला आपल्या सोयीने बदलता येणार नाही.

दोष कशाला म्हणायचं?

आता थोडं बिल्डरच्या बाजूनेही पाहू. दाराची प्रत्येक कुरकुर म्हणजे दोष नव्हे. पावसाळ्यात लाकूड थोडं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, हा त्याचा धर्मच आहे. ट्रॅकमध्ये वर्षाची धूळ साचू दिली आणि पाणी जायची भोकं बुजली, तर तो दोष आपल्या झाडूचा. हौसेने बाहेरून ग्रिल बसवताना चौकटीला भोकं पाडली आणि तिथून पाणी आलं, तर बिल्डर हात वर करणारच, आणि त्यात त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

मग खरा दोष ओळखायचा कसा? आमच्या इमारतीत अखेर एका अनुभवी इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी दाखवलेल्या गोष्टी कुणालाही पाहता येण्याजोग्या आहेत.

सरकत्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्याला ढाळ बाहेरच्या बाजूला हवा. आमच्याकडे तो कित्येक खिडक्यांना आतल्या बाजूला होता. म्हणजे पाऊस पडला की पाण्याला घरात येण्याचं आमंत्रणच! ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी निघून जाण्यासाठी भोकं हवीत. काही खिडक्यांना ती पाडलेलीच नव्हती. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट नुसत्या सिमेंटने भरली होती. ॲल्युमिनियम तापून फुगतं, थंड होऊन आकसतं, तसं ते सिमेंट सुटत जातं आणि केसाएवढ्या फटीतून पाणी वाट काढतं. तिथे लवचीक सीलंट हवं होतं. तावदानं जिथे एकमेकांवर येतात तिथली केसाळ ब्रश-पट्टी काही ठिकाणी अर्धवटच लावली होती.

दारांची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे न्हाणीघराला बहुधा फ्लश डोअर असतं. बाहेरून गुळगुळीत, आत लाकडाचे तुकडे भरलेलं. अशा लाकडी फ्लश दारांसाठी आयएस २२०२ हे भारतीय मानक आहे. दारांच्या चाचण्यांमध्ये दाराचा तळ पाण्यात बुडवायचा, पुन्हा वाळवायचा, अशा फेऱ्या करून थर सुटतात का ते पाहतात. म्हणजे चांगलं दार ओलीला तोंड देईल अशी अपेक्षाच आहे. पण दार चढवण्याआधी त्याच्या खालच्या आणि वरच्या कडेला रंग किंवा पॉलिश लावायला हवं. ती कड कुणाच्या नजरेला पडत नाही, म्हणून ती कोरी राहते. मग फरशीवरचं पाणी तिथून वर चढतं आणि दार फुगतं. ही कड बघायची युक्ती सोपी आहे. दाराखाली छोटा आरसा धरायचा, वर हात घासून रंग आहे की नाही ते पाहायचं.

ताबा घेण्याआधी या गोष्टी पाहता आल्या तर उत्तमच. खिडकीवर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारायला सांगा. बंद झडपेत कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहा, सहज सुटून आली तर फट मोठी आहे. दार अर्धं उघडून सोडून द्या. आपोआप फिरत असेल तर चौकट ओळंब्यात नाही. जे सापडेल त्याची यादी करून ताबापत्राला जोडा. ताबापत्रात 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं वाक्य छापलेलं असतं. त्याच्याखाली 'सोबतच्या यादीतील दोष वगळून' एवढे शब्द स्वहस्ते लिहायला लाजू नका. यादी करायची राहिली म्हणून पाच वर्षांचा हक्क जात नाही. पण यादी असली की पुढचा वाद निम्मा संपतो.

कोणत्या दारी जायचं?

लेखी पत्र दिलं, तीस दिवस गेले, बिल्डर हलला नाही. आता पुढे काय?

पहिलं दार महारेराचं. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल, तर ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क पाच हजार रुपये. 'दोष दुरुस्त करून द्या' अशी मागणी प्राधिकरणाकडे करायची. नुकसानभरपाई हवी असेल, तर तिचा विचार न्यायनिर्णय अधिकारी करतात आणि त्यासाठी अर्जाचा नमुना वेगळा आहे. या दोन मागण्यांची सरमिसळ केल्याने कित्येकांचे महिने वाया जातात. तक्रारीच्या आधी सलोखा मंचाचा मार्गही आहे. २०१८ पासून सुरू असलेल्या या मंचात बिल्डरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी समोरासमोर बसून तडजोड घडवतात. खिडकी-दारासारख्या वादांना हा मार्ग विशेष मानवतो, कारण इथे आपल्याला सूड नको असतो, कोरडं घर हवं असतं. भरपाईचा आदेश बिल्डरने पाळला नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी तिची वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होऊ शकते. अर्थात आदेश हाती पडणं आणि पैसे हाती पडणं यांत अंतर असतं, हे मनाशी धरूनच या दारात पाऊल टाकावं.

दुसरं दार ग्राहक आयोगाचं. पूर्वी आपण ज्याला ग्राहक मंच म्हणायचो, तोच आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. महारेरा असताना इथे जाता येतं का, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली 'इम्पेरिया स्ट्रक्चर्स' खटल्यात सांगितलं की, जाता येतं. दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे पळू नये. एक दार निवडावं आणि त्याच्याशी इमान राखावं.

ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग बिल्डरचं ऑफिस कुठेही असो. दोष दूर करणं, माल बदलून देणं, पैसे परत देणं, मनस्तापाची भरपाई आणि खर्च, असे सगळे आदेश आयोग देऊ शकतो. एक मेख मात्र आहे. तक्रार कोणत्या आयोगाकडे जाणार हे आता तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही. तुम्ही मोबदला किती दिलात, यावर ठरतं. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असेल तर थेट दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. म्हणजे सत्तर लाखांच्या ब्लॉकची साठ हजारांची खिडकी गळत असली, तरी राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. शहरांतल्या महागड्या घरांसाठी म्हणूनच महारेराचं दार अनेकदा जवळचं ठरतं.

तिसरं दार मोफत कायदेशीर मदतीचं. ते बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक सेवा मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. घर पत्नीच्या नावावर असेल, किंवा दोघांच्या, तर पहिला सल्ला घ्यायला तिथे जरूर जावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही वहीत टिपून ठेवावा.

खिडक्या आपणच बसवल्या तर?

जुन्या घरात हौसेने नव्या यूपीव्हीसीच्या खिडक्या किंवा नवं सागवानी दार बसवणारे पुष्कळ आहेत. तिथे बिल्डरचा संबंध नाही, पण ग्राहक कायदा आहेच. माल सदोष असेल तर विकणारा आणि बनवणारा जबाबदार, बसवण्यात चूक असेल तर बसवणारा जबाबदार. अडचण अशी की, तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कारखान्याची हमी पुष्कळदा फक्त मालाची असते, बसवण्याची नसते. म्हणून शक्यतो माल आणि बसवणं, दोन्हींचं बिल एकाच नावाने घ्यावं. बिलावर मापं, मालाचा प्रकार, काचेची जाडी आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. तक्रार करताना तिघांनाही प्रतिपक्ष करावं.

इथे मोबदला बहुधा पाच लाखांच्या आतला असतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्कच नाही. पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. पण 'बिल नको, जीएसटी वाचेल' या मोहात पडलेल्या माणसाने कोणत्या कागदावर दाद मागायची? वाचवलेला तो कर पुढे फार महागात पडतो.

ज्यांच्या इमारती जुन्या आहेत, ज्यांची तीन किंवा पाच वर्षं केव्हाच उलटून गेली, त्यांनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवावा. पाणी खिडकीतून येतं की भिंतीतून, हे आधी पाहून घ्यावं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार बाहेरच्या भिंतींतून आणि गच्चीतून येणारं पावसाचं पाणी थांबवणं ही सोसायटीची जबाबदारी, घराच्या आतल्या दुरुस्त्या सभासदाच्या. खिडकीच्या वरून, छज्जाच्या सांध्यातून पाणी उतरत असेल, तर सोसायटीला लेखी पत्र द्यावं. आणि इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर विकास करारातच दोष-दायित्वाचं कलम आणि दारं-खिडक्यांचा दर्जा स्पष्ट लिहून घ्यावा. 'उत्तम प्रतीच्या खिडक्या' या तीन शब्दांना कायद्याच्या बाजारात फारशी किंमत नाही.

कागद बोलतो

आमच्या इमारतीत पुढे काय झालं ते सांगते. अण्णांनी एक साधी दोनशे पानी वही घातली. प्रत्येक ब्लॉकला एक पान. कोणत्या खोलीची खिडकी, कोणत्या तारखेला पाणी आलं, फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये आहे, बिल्डरच्या माणसाने काय उत्तर दिलं. एकवीस घरांनी मिळून एक पत्र लिहिलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. ताब्याची तारीख, दोषाचं वर्णन, करारातल्या जोडपत्राचा उल्लेख, रेरातलं कलम १४ (३) आणि 'तीस दिवसांत दुरुस्ती करून द्यावी' एवढंच. सोबत इंजिनिअरांचा अहवाल आणि फोटो. एक प्रत ई-मेलने, एक हातपोच घेऊन सही-शिक्क्यासह आणि एक पोस्टाने. रजिस्टर पोस्टाची जुनी सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली. आता स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा जपावा.

पत्र गेलं आणि आठव्या दिवशी बिल्डरचा इंजिनिअर स्वत: आला! वीस फोनांनी जे झालं नव्हतं ते एका पत्राने झालं. अर्थात सगळं गोड झालं असं नाही. काही खिडक्या लगेच काढून नीट बसवल्या, काहींच्या बाबतीत टोलवाटोलवी सुरू झाली. ते प्रकरण सलोखा मंचापर्यंत गेलं आणि तिथे तडजोड होऊन पुढच्या पावसाळ्याआधी उरलेली कामं पुरी झाली. न्हाणीघरांची दारंही बदलून मिळाली. आमचं सोडून!

कारण साधं होतं. आमच्या दारावर सुतारमामांनी रंधा मारला होता. "दार तुम्ही स्वत: तासलंय, मॅडम. आता मूळ माप काय होतं, ते कसं कळणार?" बिल्डरचा माणूस म्हणाला. आमच्याकडे त्या सकाळचा एकही फोटो नव्हता, एकही पत्र नव्हतं. सासूबाई पाऊण तास आत अडकल्या होत्या याला साक्षीदार होते, पण दार तासण्याआधी कसं होतं याला कुणीही नव्हतं. आम्ही ते दार आमच्या खर्चाने बदललं.

म्हणून माझ्या बहिणींना आणि भावांना माझं एवढंच सांगणं आहे. दुरुस्ती निकडीची असेल तर जरूर करा, माणसाच्या जिवापेक्षा पुरावा मोठा नाही. पण हात लावण्याआधी चार फोटो काढा, एखाद-दोन शेजाऱ्यांना दाखवा, बिल्डरला दोन ओळींचा ई-मेल टाका, 'अमुक कारणाने तातडीने दुरुस्ती करत आहोत, खर्च आपणांकडून मागू.' सुताराचं बिल घ्या, काढलेला तुकडा जपून ठेवा. एवढ्याने तुमचा हक्क शाबूत राहतो.

एखाद्या खिडकीसाठी कायद्याची भाषा करायची, हे आपल्या मध्यमवर्गीय मनाला जड जातं. लोक काय म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी भांडण कशाला, असं वाटतं. पण कायद्याने मोठा दोष आणि किरकोळ दोष असा भेद केलेला नाही, तो आपणच करतो. आणि घर बांधणाऱ्यालाही आपण तो करणार हे ठाऊक असतं.

आज रविवार आहे. दुपारची झोप झाली की कपाटातून ताबापत्र काढा आणि त्यावरची तारीख पाहा. पाच वर्षं कधी पुरी होतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आमच्या नव्या दाराला आता चार वर्षं होत आली. ते पावसाळ्यातही एका बोटाने उघडतं. पण सासूबाई अजूनही आतून कडी लावत नाहीत. दार नुसतं लोटून घेतात आणि अंघोळ होईपर्यंत मोठ्याने स्तोत्र म्हणत राहतात, आम्हाला ऐकू येईल असं.